चिखलीचं धुराडं

अमावास्येला गुऱ्हाळ बंद.
तरी चुलवाणाच्या पोटात दुसऱ्या सकाळपर्यंत ऊब राहते.
दस्तगीर शिकलगार विटेला उलटा तळहात लावायचे,
"अजून जागं हाय," म्हणायचे,
आणि आम्ही चिपाडाच्या गंजीला टेकून
दुपारपर्यंत पडून राहायचो.

मग वरून खाली. खालून वर कधीच नाही.
भुरभुरती काजळी ब्रशला लगेच वश होते;
ब्रश त्यांनीच वळलेला, ट्रकच्या क्लचवायरचा,
धुराड्याच्या पोटापेक्षा बोटभर मोठा.
पापुद्रे धरलेली खरवडीनं सुटते.
पण एक असते काचेसारखी,
काहिलीच्या कडेला काकवी आटून बसावी तशी.
तिच्यावर ब्रश फिरवला
तर नुसती आणखी चकाकते.

तिला साखळी.
बैलाच्या दाव्याची, गंजकी, दोरीच्या टोकाला,
वरून गरगर फिरवायची,
ढलप्या पडल्याचा आवाज ऐकत,
विटांच्या सांध्यांना न दुखवता.

त्यातली एक ढलपी त्यांनी मला वाचून दाखवली होती.
हा राखाडी थर वाळल्या चिपाडाचा.
हा जाड, डांबरी, महापुराच्या वर्षाचा:
पंचगंगा शेतातून निघायला तयार नव्हती,
चिपाड ओलं, तरी रंगराव खाड्यांनी जाळलं.
"ओलं जाळलं की धूर जड हुतो लगा,
चढता चढता दमतो,
भिंतीला टेकतो."

तो टेकलेला धूर माघात एका रात्री पेटला.
धुराडं हंबरायला लागलं.
गुंडू गुळव्या घागर घेऊन धावला,
चाचा त्याच्या आडवे झाले: "पाणी नगं, वीट फुटंल!"
ओल्या पोत्यांनी चुलवाणाचं तोंड बांधलं,
फटींना चिखल लिंपला,
आणि आत ते आपलं आपण
गुदमरून शांत होईपर्यंत
सगळे उभे राहिलो.
ते आदण करपलं.
त्याचा हिशोब रंगरावांनी कुणालाच मागितला नाही.

आता चाचांचे गुडघे शिडी मानत नाहीत.
वर मी, तोंडाला ओला पंचा.
खाली ते बुडाच्या खिडकीतून
दाढीचा आरसा आत सरकवतात.
आरशात रुपयाएवढं आभाळ दिसतं म्हणे,
कडा साफ गोल असली तर काम झालं.

"एका बाजूनं चावल्यावानी दिसतंय,"
खालून आवाज येतो.
मी साखळी पुन्हा सोडतो. फिरवतो.
काहीच पडत नाही.
पुन्हा फिरवतो.
"आरं, तुझं डोस्कं हाय त्ये.
बाजूला हो."