डावं फूटरेस्ट

सोसायटीची नोटीस लागली:
पार्किंगमधल्या बेवारस वस्तू पंधरा तारखेच्या आत हलवाव्यात.
‘बेवारस’खाली कुणीतरी पेनानं रेघ मारलेली.
म्हणजे जिन्याखालची लूना.
म्हणजे आम्ही.

एकोणीस वर्षं तिच्यावर पायपुसणी वाळली,
पापडांचं प्लास्टिक, तिसऱ्या मजल्याचे क्रिकेट पॅड.
ताडपत्री ओढली तर टायर फरशीला चिकटलेले,
एअर फिल्टरच्या डबीत उंदरीण बाळंत होऊन गेलेली
विजेच्या बिलांच्या कातरणांवर.
एका तुकड्यावर ‘भरले’ असा शिक्का होता.
दादांचं बिल, भरलेलंच असणार.

टेंपोवाला म्हणाला, किलोवर जाईल, चांगला भाव देतो.
मी म्हणाले, दांडेकर पुलापर्यंतचं भाडं सांग.

शिकलगारांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.
“पेट्रोल नाही हे आता, व्हार्निश झालंय.”
मग टाकीत मूठभर नट टाकले, वर चिंचेचं पाणी,
आणि टाकी माझ्या मांडीवर दिली.
हलवा.
अख्खा रविवार मी बाळ खेळवावं तशी टाकी खेळवली.
पाणी आधी काळं आलं,
मग अमृततुल्यच्या चहासारखं,
मग आमच्या नळाला शनिवारी येतं तसं.
“आता पुरे,” शिकलगार म्हणाले.

नाना पेठेत ओसवालांनी चष्म्यावरून पाहिलं,
“कोणती लूना? डबल प्लस का टीएफआर?”
आणि उत्तराची वाट न बघता माळ्यावर चढले.
पॉइंट मिळाले. कॉइल नाही.
कॉइल बुधवारी जुन्या बाजारात सापडली,
एका वकिली डगल्यावर ठेवलेली,
साडेतीनशे सांगितले, दोनशेला दिली,
चालेल का विचारलं तर विक्रेता हसला.

रंग कुठला होता ते कुणालाच आठवेना.
झाकणाखाली बांगडीएवढी कडा निघाली,
मोरपंखी.
मला ती गाडी राखाडीच आठवत होती.

मग एका संध्याकाळी फोन:
“मॅडम, डाव्या बाजूला मागे दोन फूटरेस्ट आहेत.
एक कंपनीचं.
दुसरं कुणीतरी वेल्डिंग करून दोन इंच वर लावलंय, ओबडधोबड.
कापून घासून टाकू? शोभत नाही.”

मी पीएमटीच्या स्टॉपवर उभी होते.
दोन बस सोडल्या.

आईचा उजवा पाय दोन इंच आखूड.
घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नाही.
ती साडी घोळदार नेसायची,
फोटोत खुर्चीच्या मागे उभी राहायची,
आणि लूनावर, आडवी बसून,
मंडईतून येताना,
दुधीच्या पिशवीसकट,
कॉलनीत सगळ्यांत ताठ दिसायची.
दादा म्हणजे साधा वायर जोडायलाही वायरमन बोलावणारा माणूस.
कुणाकडून लावून घेतलं असेल, काय सांगून?
टेप घेऊन मापलं असेल का
ती झोपलेली असताना?

“राहू द्या,” मी म्हणाले. “रंग तेवढा त्यालाही द्या.”

गाडी घरी आली. स्टँडवर घेऊन पेडल मारत राहिले,
खाली पोरं जमली, आकडे मोजायला लागली.
एक्केचाळीसला सुरू झाली.
धुरात अख्खं पार्किंग खोकलं, सेक्रेटरींसकट.

आई जिना उतरून आली. काठी भिंतीला लावली.
“आवाज एवढा नव्हता,” म्हणाली,
आणि मागे बसली.
खाली न बघता
एक पाय खालच्यावर ठेवला,
एक वरच्यावर.

हेल्मेट एकच, आणि पुणं असल्यामुळे तेही हँडलला.
अरण्येश्वरच्या वळणापर्यंत नीट गेलो.
तिथे लूना दोनदा उचकली आणि बंद.
मी उतरले, प्लग बघू, कॉइल बघू,
दोनशे रुपये गेले वाटतं, शिकलगारांना फोन करू...
मागे सायकलवाला घंटी वाजवतोय.

आई गाडीवरून उतरलीच नाही.
वाकली, टाकीखाली हात घातला,
काहीतरी टक्कन फिरवलं.

“कॉक उघडायचा राहिला तुझा.
तेही विसरायचे.
मार पेडल.”