थोराड हाडाची

आई म्हणायची, मी लठ्ठ नाही गं,
हाडंच माझी थोराड.
यानिनाच्या दवाखान्यात काट्यावर चढताना
चपला काढायची, कानातलं काढायची
आणि डॉक्टरला बजावायची,
डोंगराकडच्या बायका आम्ही,
हाडांचे दहा किलो वजा करा.
तो मान हलवायचा, लिहायचा ब्याण्णव.

तीन वर्षं झाली. रिवाजाप्रमाणे
आज थडगं उघडलं.
खारिक्लियामावशी खड्ड्यात उतरून
एकेक हाड वर देत गेली,
मी लाल वाईनमध्ये धूत गेले.
मांडीचं. खांद्याचं. बरगड्या तर काटक्याच.
हाताची दोन हाडं मनगटापाशी जुळवून धरली,
माझा अंगठा आणि मधलं बोट
सहज भेटले, वर जागा उरली.

पत्र्याची पेटी, झाकणावर नाव: स्तामातिया.
अस्थिघराच्या चढावर एका काखेत नेली,
दुसऱ्या हातात मावशीची पिशवी.
पेटीसकट पाच किलो, फार तर.
बाजारात बटाटे विकते मी,
हात चुकत नाही.

मग बाकीचं काय होतं, आई?
आम्हा चौघींच्या ताटातलं उरलेलं,
टाकवत नाही म्हणून उभ्यानंच गिळलेलं,
बाबांचं जहाज आलं नाही
ते दोन हिवाळे,
रात्री बशीत एकटीनं बुडवलेला पाव.
हाडांची काडं केलीस म्हणतात,
ती आज मोजून पाहिली.

संध्याकाळी मावशीनं
माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं.
खा गं, आपल्या घराण्याची
हाडंच थोराड.
मी ताट पुढे केलं.