आठ घरांची तार

मे महिन्यात हुकूम निघाला:
शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, टेलिफोनवर
बोलायचं ते इंग्रजीतच.
टेलिफोनचं माझ्याकडे आलं.
परकी भाषा ऐकलीस की प्लग उपट, टिल्डा,
मिस्टर पर्डी म्हणाले.
परकी, म्हणजे आई मला ज्या भाषेत रागवायची ती.

गुन्वर स्कोरला इंग्रजी येतं
एवढंच: फोर-टू.
फोर-टू म्हणजे आस्लाउग, तिची नणंद, नदीपलीकडे.
मी जोडून देते
आणि दोघी गप्प बसतात.
खाचांचं लाटणं फिरतं बटाट्याच्या लेफ्सेवर,
तवा चरचरतो, कुणीतरी खोकतं,
पलीकडे चरख्याची कुरकुर.
गप्प बसणं कुठल्या भाषेत मोडतं
ते हुकमात लिहिलेलं नाही.

काल मात्र गुन्वर बोलली.
दे, म्हणाली.
मग ए. मग आ. मग एर.

फ्रान्सहून पत्र आलं होतं, तिच्या हाल्वरचं,
सेन्सॉरला कळावं म्हणून इंग्रजीत.
वाचून दाखवायला दुकानदाराकडे गेली नाही ती.
एकेक अक्षर उचलून
गहू निवडावा तशी तारेवर टाकत होती,
नावं मात्र आपली, घरची.
एम्. ऊ. ते. हो.
शब्द इंग्रजी, तोंड नॉर्वेचं.
आता उपटायचं कुणाला?

मी पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहीत गेले.
पाऊण तास.
बाकीचे दिवे लागत राहिले, विझत राहिले.
आस्लाउगला एक शब्द लागला नसणार,
ती नुसती हो, हो, म्हणत होती,
आणि ते हो अक्षर की होकार
मला कळेना.

शेवटी गुन्वर थांबली.
तारेवर वाट बघणं ऐकू येतं.
मी बटण दाबलं आणि बोलले,
आईच्या भाषेत, दोन महिन्यांनी,
जीभ जड झालेली:
बरा आहे तो. पाय ओले असतात फक्त.
फिडलच्या तारा सैल करून ठेव म्हणतोय,
नाहीतर लाकूड तडकेल.

मग खटके ऐकू आले.
त्या तारेवरची घरं रिसीव्हर ठेवत होती,
एकेक, हळूच,
झोपलेल्या पोराजवळून उठावं तशी.
मी मोजले. सात.

आठवं घर ऐकत राहिलं.
प्लग हातात धरून
मीही.