फुली, शून्य, रेघ

हर्णैच्या केंद्रात वीज परत येते तेव्हा
आधी पंखा फिरतो, मग ट्यूब,
आणि शेवटी, दोनदा खोकून, प्लॉटर.
दापोलीहून टेंपोतून आला तेव्हा
त्याच्या आठही पेनांत शाई होती.
खाऱ्या वाऱ्याने दोन महिन्यांत पाच सुकवली,
पोर्टाच्या पिनांवर हिरवा गंज चढवला.
मी पिना रॉकेलच्या बोळ्याने पुसते
आणि यंत्राला पुन्हा पहिल्यापासून सांगते :
कागद आडवा. समास दोन सेंटिमीटर.
रेघ जाड ठेव, साहेबांचे डोळे अठ्ठावन्नला टेकलेत.

पहिल्या खेपेला माशांची नावं चौकोन होऊन आली.
सुरमईचे पाच, बांगड्याचे सहा,
काना-मात्रेलासुद्धा एकेक खोकं.
एवढीशी मांदेली, तिला सात!
ना बर्फ ना मासा, नुसती खोकी,
मोसम संपल्यावर पुळणीवर उलथी पडतात तशी.
फॉन्ट शोधला, त्याचा पत्ता फायलीत लिहून दिला.
तरी दुपारपर्यंत
खाडीतल्या तिसऱ्यांची पहिली वेलांटी
'त'ला सोडून 'स'च्या डोक्यावर बसत राहिली.

मग आकडे.
शरफुद्दीन सोलकरांच्या वह्या,
एकोणतीस वर्षांच्या, पुठ्ठ्याला अजून वास.
संध्याकाळच्या लिलावात
बैलगाड्यांच्या चाकांमधून वाट काढत ते होड्या मोजायचे.
वहीत शून्य आहे, आडवी रेघ आहे, फुली आहे,
आणि कुठे कुठे काहीच नाही.
यंत्राला चारही सारखेच.
त्याने सरसकट शून्य धरलं,
आणि आलेख दर चार-आठ दिवसांनी तळाला आपटला,
जणू समुद्र आठवड्याला एकदा आटतो.

मी फोन लावला. आंजर्ल्याला मुलीकडे असतात.
"शून्य म्हंजे होरी गेली, रिकामी आली. डिझेल फुकट."
"रेघ म्हंजे गेलीच नाय. वारा, नायतर उरूस."
"आणि फुली?"
हसले. "तवा मी गेलो नव्हतो.
फुली माझ्यावर मारलेली हाय, दर्यावर नाय."

सोळा ऑक्टोबर, मी म्हटलं, आणि पुढचे नऊ दिवस.
पान कोरं आहे.
दहाव्या दिवसापासून यादीत एक होडी कमी.

फोनमध्ये कोंबडा आरवला,
कुणीतरी कळशी खाली ठेवली.
"ती जागा तशीच ऱ्हाव दे. तिथं काय भरू नको."

यंत्र मात्र मदतीला उतावीळ.
आजूबाजूची सरासरी घेऊन भरू?
रेघ सलग ओढू?
दोन्हींपुढे 'हो'ची खूण आधीच केलेली.
मी ती काढली.
आणि सेटिंगच्या फायलीत, अगदी तळाशी,
यंत्र वाचत नाही अशी एक ओळ टाकली,
माझ्या जागी पुढे जो कुणी येईल त्याच्यासाठी :
मोकळी जागा जोडू नये. चाचांना विचारणे.

निळं पेन सुकलेलं, म्हणून बांगडा तपकिरी उमटला.
असो. साहेबांना चालेल.
पेन सोळा ऑक्टोबरपाशी आलं, उचललं गेलं,
नऊ दिवस कागदाच्या वरून कोरडंच चाललं,
आणि मग हलकेच, जरा खाली, टेकलं.

पीडीएफही हवी होती. काढली, उघडेना.
आकार शून्य.
विसरलेच होते : या यंत्राला
'झालं' असं स्पष्ट सांगावं लागतं.
नाहीतर ते फाइल मिटत नाही,
अजून काही यायचं असेल म्हणून
दार उघडं ठेवून बसतं.

कर्सर लुकलुकत होता.
खाली पुळणीवर पहिली बोली लागली होती,
तिचा आवाज वर येत होता.
मी लगेच काही टाइप केलं नाही.
आधी उठून पेनांना टोपणं लावली,
सुकलेल्यांनासुद्धा.