अंगण, आत जाता येत नाही

कोटकाच्या बंदरात मी रात्रपाळीला असते,
गोठवलेल्या माशांच्या गोदामात.
दर तासाला काटा बघायचा, उणे बावीस, वहीत उतरवायचा.
मधली एकोणसाठ मिनिटं माझी
आणि वेल्मारची.

वेल्मार शहर कुठेच नाही.
वीस वर्षांपूर्वीच्या एका गेममध्ये आहे.
कंपनी बुडाली,
डब्यात नकाशा घालायचा राहिला तो राहिलाच.

म्हणून मी चालते. दहा पावलं, थांबा, स्क्रीनशॉट.
दहा पावलं.
दर चित्रात मधोमध नायकाची पाठ,
तीच कातडी पिशवी, तोच उसवलेला खांदा.
चारशे बारा चित्रांतून मी त्याला कातरून काढला.
बिचाऱ्याने अख्खं शहर पायांखाली घातलं,
नकाशात त्याचं नखही उरलं नाही.

सांधे जुळत नाहीत.
इथे दिव्याचा खांब कललेला, शेजारच्या चित्रात ताठ.
लोहारगल्ली जाताना साठ पावलं, येताना एक्काहत्तर.
मी पासष्ट लिहिते.
(भूमापन खात्यात बारा वर्षं होते. तिथेही असंच चालायचं.)
उत्तर कुठली, हे गेममध्ये कुणीच बोलत नाही.
आमच्याकडे डिसेंबरात तीनलाच दिवे लागतात;
वेल्मारमध्ये ऊन चारच्या जागेवरून हलत नाही.
सावल्या पूर्वेला पडतात असं धरून चालले
आणि वर एक बाण काढून टाकला.

चांभार आळीच्या पाठीमागे एक तुकडा राहिला.
चारी बाजूंनी भिंती, दार नाही.
छपरावरून उडी मारावी तर डोकं हवेलाच आपटतं.
अकरा खिडक्या आत तोंड करून,
म्हणजे अंगण असणार.
पांढरं ठेवलं. लिहिलं: माहीत नाही.

मग पुंता अरेनासहून एलिसेओचं पत्र आलं.
तो लोकरीच्या गठ्ठ्यांचं वजन करतो,
त्याच्याकडे रात्री दहापर्यंत उजेड.
त्याच्या डिस्कला ओरखडा आहे:
मासळीबाजाराच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं
की जमीन हात सोडते.
तो पडत गेला, आणि पडता पडता
बटण दाबत राहिला.

सत्तावीस चित्रं, सगळी खालून.
जमीन नाहीच. घरं उपडी ठेवलेल्या खोक्यांसारखी पोकळ.
पाट्यांना एकच बाजू.
फुलवाली, पहारेकरी, ओरडणारा तो मुलगा
सगळे नुसते बुटांचे तळवे.
आणि सांधे बसले, एकूण एक.
लोहारगल्ली अडुसष्ट.
तीन पावलं मी खाल्ली होती.

आणि अंगण.
त्यात एक खुर्ची,
कडी वाकलेली बादली,
दोरीवर एक मोजा.
एकच.

कुणीतरी बसून ती कडी वाकवली होती,
जिथे कुणाला जाता येणार नव्हतं तिथे.
आमच्या खुणांच्या यादीत विहीर आहे,
दुकान, चोरवाट, खजिना आहे,
खुर्ची नाही.

एलिसेओ म्हणाला, रायली, पांढरंच राहू दे.
ज्याने ठेवली त्याला ती दाखवायची नसेल.
मी म्हटलं, मग मोजा कशाला वाळत घालेल?
दोन दिवस आम्ही एकमेकांना काही लिहिलं नाही.
तिसऱ्या दिवशी त्याने फक्त मापं पाठवली:
अंगण नऊ बाय सात, खुर्ची भिंतीपासून दीड.

पाच वाजता उठले, काटा पाहिला, उणे बावीस.
हातमोजे काढून परत बसले
आणि खुर्ची काढली, चार रेघांची,
माशाच्या काट्याएवढी.
तोंड उत्तरेला,
म्हणजे मी जिला उत्तर म्हणते तिकडे.
बादली काढली.

मोजा नकाशात घेतला नाही.
तो अजून ओला दिसतो.