उतारा

करारनाम्याच्या अकराव्या कलमात लिहिलंय,
शंभर किलो भाताचा उतारा सदुसष्ट किलो तांदूळ.
खाली माझी सही, शाई जराशी फुटलेली.
त्या दिवशी हात ओले होते, एवढंच माझं म्हणणं.

भात माझ्या दारात आलं ते फेब्रुवारी संपताना.
तोवर संघाच्या आवारात, शाळेच्या पडवीत,
निळ्या ताडपत्रीखाली
ते नुसतं बसून होतं.
दिवसा ऊन, रात्री कर्लीच्या खाडीवरचं दव.
अशाने दाण्याच्या पोटात आडवी चीर जाते,
बाहेरून दिसत नाही.
पास्कूने दाणा दाढेखाली धरला:
‘शेट, ह्या भात नाय. रवो आसा.’

पास्कू फर्नांडिस, तीस वर्षं माझ्या गिरणीवर.
रबराचा रोल किती आवळायचा ते तो आवाजावरून ठरवतो.
या भाताला त्याने रोल सैल सोडला,
आजाऱ्याला पेज भरवावी तसं थोडं थोडं घातलं,
तरी चाळणीखाली कणीच कणी.
एकसष्ट. कधी साठ.
एकदा, थप्पीच्या अगदी मधल्या पोत्यांना, त्रेसष्ट.
त्या दिवशी आम्ही बाजारातून खटखटे लाडू मागवले.

मग फेडरेशनचं पत्र:
आपणाकडून येणे तांदूळ दोनशे अठ्ठ्याऐंशी क्विंटल,
बँक हमी जप्त का करू नये, सात दिवसांत खुलासा.
मी खुलासा केला.
तुम्ही मोजलंत तेव्हा ओलावा सतरा होता, दिलंत तेव्हा अकरा,
कागदावरचं वजन मात्र वाळलं नाही.
मधलं पाणी मी प्यालो नाही.
शिवाय भरडाईचे पैसे, तीन हंगामांचे.
त्यांनी कळवलं, महामंडळाला विचारा.
महामंडळाने कळवलं, पुरवठा शाखेला.
पुरवठा शाखेने कळवलं, बारदान परत करा.
बारा हजार पोती आली होती,
त्यातली दोन हजार उंदरांनी आधीच वाचून काढलेली.

लवाद म्हणून नेमलेले साहेब
ओरोसला त्यांच्याच मजल्यावर बसतात,
डबा एकत्र खातात.
मी म्हटलं, शिल्लक थप्पीतलं एक क्विंटल
तुमच्या डोळ्यांदेखत भरडू.
आले. जीप, दोन पंच, मोबाईलवर चित्रण करणारा शिपाई.
पास्कू रविवारचा शर्ट घालून आलेला.
पट्टा फिरला. वीस मिनिटं कुणी बोललं नाही.
काट्यावर एकसष्ट किलो चारशे ग्रॅम.
साहेबांनी चष्मा पुसला, परत वाचलं,
मग गुडघ्यावर बसून काट्याखाली पाहिलं.
शिक्क्याची मुदत सप्टेंबरात संपलेली.
पंचनाम्यात लिहिलं, चाचणी ग्राह्य नाही.
मी विचारलं, आणि माझी घट कुठल्या काट्यावर मोजलीत?
‘ती गणिताने काढली,’ ते म्हणाले.
गणिताला शिक्का लागत नाही.

घरी हेमलता म्हणाली, कुणाची तरी नजर आहे,
आज तिन्हीसांजेला तिठ्यावर उतारा ठेवते.
तो शब्द ऐकून मला जे हसू फुटलं ते आवरेना,
ती रागावून आत गेली.
चाचणीचा तांदूळ लाखेने सील करून नेला होता,
यंत्राच्या पायाशी सांडला तेवढा तिने सुपलीत भरला,
शिजवला, केळीच्या पानावर घातला,
वर लिंबू, वर गुलाल,
आणि मागे न बघता परत आली.

सकाळी गिरणीवर जाताना मी सायकल थांबवली.
लिंबू होतं. गुलाल होता.
भाताचं एक शीत नव्हतं.
कावळा, कुत्रा, कोण असेल तो,
उचल पूर्ण, तक्रार नाही,
ओलावा तपासला नाही.

सोमवारी पुढची तारीख.
पास्कूने रोल काढून पायरीवर ठेवलेत,
एक बाजू झिजलीय म्हणतो,
आणि नवे कुणाच्या नावावर आणू, विचारतो.