फेस

सावद्याला, केळी पिकवायच्या तिसऱ्या खोलीत
गारवा धरेना.
बाहेर सत्तेचाळीस.

रुबाब तडवी जुन्या दाढीच्या ब्रशानं
तांब्याच्या नळीला साबण लावत सरकतो,
सांध्यामागून सांधा.
"घाई नको भो. गॅस आपल्याला दिसत नाही,
फेसाला दिसतो."

भिंतीमागच्या एल्बोपाशी
एक बुडबुडा फुगतो, फुटतो,
पुन्हा फुगतो.

हा सांधा त्याचाच.
आठ वर्षांपूर्वीचा, हळदीच्या दिवशी भरलेला,
घरून माणूस बोलवायला येऊन उभा होता.

उरला गॅस काढून तो नळी कापतो,
टोकं घासतो,
ज्योत निळी होईस्तोवर थांबतो.
वितळलेली काडी नळीभोवती फिरून
स्वतःलाच येऊन मिळते.

बिलावर लिहितो : गॅस, साबण.
"आणि सांधा?" मालक विचारतो.
रुबाब ब्रश धूत राहतो,
पाणी निवळ येईपर्यंत.